पुढचा पडला तर थांबायचं का?

नागपूरच्याच एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सोळा वर्षांचा, दोन वर्षांपासून रोड सायकल चालवतो. मागच्या महिन्यात आउटर रिंग रोडकडे झालेल्या एका शर्यतीत शेवटचे पाच-सहा किलोमीटर उरले असताना त्याच्या पुढचा मुलगा वळणावर गिट्टीवरून घसरून पडला. हा न थांबता पुढे निघाला आणि दुसरा आला. बक्षीस घेताना दोन-तीन मोठी माणसं सगळ्यांदेखत म्हणाली, "माणुसकी आहे का नाही रे तुझ्यात?" तेव्हापासून पोरगा सायकलला हात लावत नाही. घरी एकच विचारतो, "बाबा, तो पडला तर मी काऊन थांबू? शर्यत होती ना?" वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत. व्यावसायिक शर्यतीत प्रतिस्पर्धी पडला की काय करतात, आणि आपल्या मुलाचं चुकलं का. जाता जाता बक्षीस परत करावं का, असंही विचारलंय.

मी पंधरा वर्षं शर्यती केल्या आणि गेली वीस वर्षं इथेच पोरांना शिकवतो आहे. हा प्रश्न मला दर मोसमात कोणी ना कोणी विचारतं, आणि एका वाक्यात त्याचं उत्तर देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

आधी नियम, कारण तो छोटा आहे. प्रतिस्पर्धी पडला तर थांबा, असं जागतिक सायकल संघटनेच्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते एवढंच: अनेक दिवसांच्या शर्यतीत सपाट टप्प्याच्या शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर पडण्याआधी तो ज्या गटात होता त्या गटाचीच वेळ त्याला मिळते. अलीकडे काही टप्प्यांना हे अंतर ५ किलोमीटरपर्यंत वाढवतात. टप्पा डोंगरमाथ्यावर संपत असेल तर ही सवलत नाही. बाकीचा सगळा कारभार रिवाजावर चालतो, आणि तो रिवाज कसा चालतो हे एकाच माणसाच्या चार पडण्यांवरून चांगलं कळतं.

माणूस आहे स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. २०२२ च्या टूर द फ्रान्समध्ये अठराव्या टप्प्यावर, स्पांदेल घाटाच्या उतारावर तो रस्त्याकडेच्या खडीवर गेला आणि पडला. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेल्याची, योनास विंगेगारच्या अंगावर होती, २ मिनिटं १८ सेकंदांची आघाडी होती. विंगेगारने पायडल मारणं थांबवलं आणि वळून बघत राहिला. पोगाचार येऊन पोचला, दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवला. त्यानंतर ओताकामच्या चढावर विंगेगारने त्याला मागे टाकलं आणि टप्पा १ मिनिट ४ सेकंदांनी जिंकला.

मार्च २०२५, इटलीतली स्त्रादे बियांके. ही एका दिवसाची शर्यत आहे आणि बराचसा रस्ता पांढऱ्या मातीचा. शेवटचे पन्नासएक किलोमीटर उरले असताना पोगाचार उतारावर भरधाव वेगात घसरला आणि अंगभर सोलवटला. सोबतच्या टॉम पिडकॉकने वेग कमी करून त्याला येऊ दिलं. पुढे पोगाचारने त्याच पिडकॉकला चढावर सोडलं आणि शर्यत जिंकली.

एप्रिल २०२५, पॅरिस-रुबे. दगडी फरशांच्या रस्त्यावर पोगाचार आणि मॅथ्यू व्हान डर पूल दोघंच पुढे होते. ३८ किलोमीटर उरले असताना पोगाचारचा वळणाचा अंदाज चुकला आणि तो कडेच्या कठड्याला जाऊन लागला. व्हान डर पूल थांबला नाही, जिंकला. तीन महिन्यांनी, जुलै २०२५ च्या टूरमध्ये, टूलूझच्या टप्प्यात शेवटचे चारेक किलोमीटर राहिले होते. पुढच्या सायकलस्वाराने दिशा बदलली, चाकाला चाक लागलं, पोगाचार खाली. विंगेगारचा गट हळू झाला आणि त्याला परत येऊ दिलं. दुसऱ्याच दिवशी ओताकामवर पोगाचारने विंगेगारला २ मिनिटं १० सेकंदांनी हरवलं.

चारही वेळा पडणारा तोच, पण तीनदा त्याच्यासाठी थांबले आणि एकदा नाही. न थांबणाऱ्याला सायकलच्या जगात कोणी शिव्या घातल्या नाहीत. हे का, ते समजलं की अर्धा प्रश्न सुटतो.

घोळक्यातली माणसं त्या क्षणी पहिली गोष्ट बघतात ती म्हणजे शर्यत पेटली आहे का. सगळे एकमेकांवर नजर ठेवून चालले असतील आणि कोणी पडला, तर त्याचा फायदा घेणं म्हणजे रिकाम्या घरात शिरणं. पण सगळे आधीच जिवाच्या आकांताने पळत असतील तर थांब कोणाला म्हणायचं? रुबेमध्ये तेच होतं. तिथे फरशांवर चाक सांभाळणं हीच परीक्षा असते. वळणावर चुकला तो त्या पेपरात चुकला. शिवाय ती एकाच दिवसाची शर्यत. आज थांबून उद्या त्याची परतफेड होईल असा उद्या तिथे नसतो. टूर तीन आठवड्यांची असते. त्याच माणसांसोबत रोज पाच-पाच तास, कोपराला कोपर लावून जायचं असतं. आज तुम्ही कोणाच्या पडण्यावर मिनिटं कमावली, तर परवा तुमचं पंक्चर झाल्यावर पुढे बसलेले दोनशे लोक वेग वाढवतात. गावात सामायिक विहिरीवर जसा एकमेकांचा विचार करावाच लागतो, तसं हे आहे.

दुसरी गोष्ट: तो कशाने पडला? स्वतःच्या चुकीने की बाहेरच्या कारणाने? २०१२ च्या टूरमध्ये पेगेरच्या घाटमाथ्यावर कोणीतरी रस्त्यात खिळे टाकले. तिसेक जणांची पंक्चर झाली, कॅडेल एव्हान्सची तर एकामागून एक. पिवळ्या जर्सीतल्या ब्रॅडली विगिन्सने अख्खा घोळका हळू केला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. याउलट २०१६ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, गुलाबी जर्सीतला (तिथल्या आघाडीवाल्याची जर्सी) स्टीव्हन क्रुइसवाइक आन्येल्लो घाट ओलांडून उतरताना वळणावर चुकला आणि कडेच्या बर्फाच्या भिंतीत घुसला. त्याची आघाडी ३ मिनिटांची होती. व्हिन्चेन्झो निबाली उतारावर मुद्दाम वेगाने जात होता, क्रुइसवाइकला जमेल त्यापेक्षा जास्त धोका घ्यायला लावत होता. तो थांबला नाही, टप्पा जिंकला आणि पुढे जिरोही जिंकला. यात मला काहीही गैर दिसत नाही. उतार हाही शर्यतीचाच भाग आहे, आणि समोरच्याला उतारावर ताण देणं हा डाव चढावर ताण देण्याइतकाच स्वच्छ आहे.

मग २०२२ मध्ये विंगेगार का थांबला? पोगाचारही स्वतः धोका घेतच पडला होता. थांबलंच पाहिजे असं काही नव्हतं. पण त्याच्याकडे दोन मिनिटांहून जास्त आघाडी होती आणि त्याच्या संघाचा वाउट व्हान आर्ट आधीच पुढे गेलेला होता, शेवटच्या चढावर मदतीला येणार होता. थांबून त्याला फारसं गमवायचं नव्हतं. काही लोक म्हणतात की मग ती खिलाडूवृत्ती कसली, तो तर हिशेब. मला हे पटत नाही. हिशेब सोपा असतानाही न थांबणारे मी खूप बघितले आहेत. हिशेब आणि सभ्यपणा एकाच डोक्यात राहतात आणि चांगल्या सायकलस्वारात दोन्ही लागतात.

सगळ्यात अवघड प्रसंग २०१० चा. टूरचा पंधरावा टप्पा, बालेस घाट. अँडी श्लेक पिवळ्या जर्सीत, ३१ सेकंद पुढे. त्याने माथ्याच्या थोडं अलीकडे जोर लावला आणि त्याची चेन उतरली. आल्बेर्तो कोंटाडोर त्याला ओलांडून गेला आणि गेलाच. त्या दिवशी त्याला ३९ सेकंद मिळाले, ८ सेकंदांनी पिवळी जर्सी मिळाली. पॅरिसला पोचताना दोघांतलं अंतर किती होतं? बरोबर ३९ सेकंद. त्याच रात्री कोंटाडोरने व्हिडिओ काढून माफी मागितली. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचं ते जेतेपद २०१२ मध्ये काढून श्लेकला दिलं गेलं, पण तो वेगळा विषय आहे.

कोंटाडोरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. शर्यत पेटली होती आणि ती श्लेकनेच पेटवली होती. चेन उतरणं हे दर वेळी नशीब नसतं. पायडलवर पूर्ण भार असताना गिअर टाकला की चेन दात्यांवर चढत नाही, बाजूला पडते. म्हणून मी पोरांना सांगतो, गिअर टाकताना अर्धा फेरा पाय हलका कर, खट् असा आवाज आला की मग दाब. हे कौशल्य आहे, आणि कौशल्यात चुकणाऱ्यासाठी थांबायचं कशाला? तरीही माझं मत कोंटाडोरच्या विरुद्ध आहे. अटॅकला उत्तर देताना पहिले पन्नास-शंभर मीटर माणूस बघत नाही, ते मी माफ करतो. पण माथ्यानंतर टप्पा संपतो त्या ल्युशॉन गावापर्यंत लांब उतार होता. काय झालं ते तोवर कळलेलं असणार. तिथे हात वर करून हळू होता आलं असतं.

आणि श्लेकची बाजू तरी कुठे अगदी निखळ होती? त्याच टूरच्या दुसऱ्या टप्प्यात, बेल्जियममधल्या स्पाच्या वाटेवर, निसरड्या उतारावर अर्धा घोळका पडला, श्लेक बंधूही पडले. त्यांच्याच संघाच्या फाबियान कान्चेलाराने पिवळी जर्सी अंगात असताना सगळ्यांना थांबवून धरलं आणि त्या दिवशी स्वतःची जर्सी घालवली. दुसऱ्या दिवशी फरशांच्या रस्त्यावर पुन्हा पडापडी झाली, फ्रँक श्लेकचं गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हा तोच कान्चेलारा अँडीला मागे बसवून सुसाट सुटला आणि कोंटाडोर मागे राहिला. काल थांबलेला माणूस आज थांबला नाही. दोन्ही दिवशी त्याच्या संघाचं भलं झालं. रिवाज असाच असतो, त्याच्या कडा पुसट असतात आणि ताकदवान माणूस त्या आपल्या बाजूला ओढतो.

थांबवायचा हक्क कोणाला, हाही रिवाजाचाच भाग. पिवळ्या जर्सीवाल्याला, किंवा घोळक्यात वयाने-मानाने मोठा असलेल्याला. २०२० च्या टूरच्या पहिल्याच दिवशी नीसजवळ पाऊस आला. खूप दिवसांनी पडलेला पहिला पाऊस. पडापडी सुरू झाल्यावर टोनी मार्टिनने पुढे येऊन दोन्ही हात पसरून उतारावर सगळ्यांना हळू केलं. एका संघाने ते मानलं नाही, वेगाने निघाला, आणि त्यांचाच मिगेल आंखेल लोपेस घसरत जाऊन रस्त्यालगतच्या खांबाला लागला. नागपूरकराला हे समजवायला नको. मे महिनाभर रस्त्यावर तेल आणि टायरची भुकटी बसलेली असते, मृगाचा पहिला शिडकावा झाला की ती वर येते आणि वर्धा रोडच्या पुलावर स्कूटर लोण्यावर चालल्यासारखी चालते. त्या दिवशी मी सराव बंद ठेवतो.

इथवर सांगितलं ते वेळेसाठी थांबणं. पडलेल्याचे सेकंद त्याला परत मिळावेत म्हणून. आता तुमच्या मुलाकडे येतो, आणि इथे मला काहीतरी वेगळं म्हणायचं आहे.

टूरमध्ये विंगेगार थांबतो तेव्हा तो पोगाचारला उचलायला जात नाही. त्याची गरजच नसते. मागून डॉक्टरची गाडी येते, संघाची गाडी येते, मेकॅनिक नवी सायकल घेऊन धावतो, पंच मोटरसायकलवर असतात, रस्ता बंद असतो. पडलेला माणूस मिनिटभरही एकटा नसतो. म्हणूनच न थांबणारा व्हान डर पूल मला निर्दय वाटत नाही. आपल्याकडे काय असतं? एक पायलट मोटरसायकल, ती पहिल्या मुलाच्या पुढे. एक रुग्णवाहिका, ती बहुतेक वेळा फिनिशला उभी. चौकात दोन-चार स्वयंसेवक. अर्धा रस्ता चालू, त्यावर टिप्पर आणि ट्रक. अशा रस्त्यावर पडलेल्या मुलासाठी मागून येणारा मुलगा हीच पहिली मदत असते.

हे मी फार उशिरा शिकलो. मी बावीस वर्षांचा असताना काटोल रोडवर एक शर्यत होती, ऑगस्टमधली. माझ्या पुढे अमरावतीचा एक जण होता, त्या मोसमात माझ्यापेक्षा सरस. वाटेत रेल्वेचे रूळ रस्त्याला तिरपे जात होते. ओले रूळ तिरपे ओलांडले की पुढचं चाक रुळाबरोबर पळतं आणि माणूस सरळ जातो. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे, त्यासाठी आधी थोडं बाहेर जायचं. तो घाईत होता, तसाच गेला. मला आधी आवाज आला. सायकल पडल्याचा आवाज पत्र्यासारखा असतो, माणूस पडल्याचा पोत्यासारखा. मी बाजूने गेलो. मान वळवून बघितलं तेव्हा तो उठून बसत होता, डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून. मला वाटलं, बसला म्हणजे ठीक आहे. मी जिंकलो. नंतर कळलं, गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि तो पाऊण तास तिथेच पावसात बसून होता. शेवटी संत्र्याच्या बागेकडे चाललेल्या एका टेम्पोवाल्याने त्याला गाडीत घातलं. आयोजकांना पत्ताच नव्हता, कारण मी फिनिशला पोचून कोणाला सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी तो भेटला तेव्हा म्हणाला, "तू थांबायचा नव्हता जी, फक्त कोणाले तरी सांगायचं होतं." हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगतो.

त्यामुळे तुमच्या मुलाबद्दल माझं मत असं. शर्यतीच्या हिशेबाने तो चुकला नाही. सहा किलोमीटर उरले होते, शर्यत पेटली होती, पुढचा वळणावर स्वतःच्या वेगाने घसरला होता. त्याने वेग कमी करून त्याला परत येऊ द्यायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. कोणी जगज्जेता थांबला म्हणून सोळा वर्षांच्या मुलाने थांबावं, ही अपेक्षा चुकीची आहे. सगळ्यांदेखत माणुसकी काढणाऱ्यांनी तर मुलाला काहीच शिकवलं नाही, फक्त लाज दिली. तेच लोक वळणावर झाडू घेऊन उभे राहिले असते तर गिट्टी राहिली नसती.

पण एक गोष्ट त्याने करायला हवी होती आणि ती त्याला शांतपणे सांगा. ओलांडताना बघायचं: हलतोय का? ओरडायचं: "ठीक आहेस का?" आवाज आला, हात वर झाला, तर जा, जोरात जा, आणि पुढच्या पहिल्या स्वयंसेवकाला ओरडून जागा सांग. उत्तर आलं नाही, किंवा तो रस्त्याच्या मध्ये पडला आहे आणि मागून गाड्या येत आहेत, तर शर्यत तिथे संपली. सायकल लांब, दिसेल अशी आडवी ठेवायची, गाड्यांना हात करायचा, १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगायचं. ओढून उठवायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही. शुद्धीवर असेल तर विचारायचं, आज कोणता वार, आपण कुठे आहोत. उत्तर गडबडलं तर तो कितीही म्हणाला तरी त्याला पुन्हा सायकलवर बसू द्यायचं नाही. डोक्याला मार लागलेला माणूस हमखास म्हणतो की मी ठीक आहे. व्यावसायिक शर्यतीतही हे गांभीर्याने घ्यायला २०२१ चा मोसम उजाडावा लागला, तेव्हा कुठे डोक्याच्या माराची ठरलेली तपासणी आली. आणि रस्त्यावर मदत करणाऱ्याला पोलिसांचा किंवा कोर्टाचा ससेमिरा लागेल ही भीती मनातून काढा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

यासाठी मी सरावात एक गोष्ट करतो. गोरेवाड्याच्या रस्त्यावर पोरांना जोड्यांनी पळवतो आणि मध्येच, न सांगता, पुढच्याला कडेला गवतात उतरून आडवं व्हायला लावतो. मागच्याने दोन सेकंदांत ठरवायचं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं बघतसुद्धा नाहीत, सरळ निघून जातात. वाईट असतात म्हणून नाही. नाडी १८० वर असते, डोळ्यांपुढे फक्त पुढचं चाक असतं. आठवडाभरात सगळी बघायला लागतात. तुमच्या मुलाला हे कोणी शिकवलंच नव्हतं. तो दोष त्याचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस परत करावं का, असंही तुम्ही विचारलंय. नका करू. त्याने ते पाय मोडेस्तोवर पायडल मारून मिळवलं आहे. त्याऐवजी त्याला घेऊन त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जा. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका, सायकलवाली पोरं भेटली की पाच मिनिटांत गिअरवर येतातच. आणि तो मुलगा उजव्या अंगावर पडला असेल तर त्याच्या सायकलचा मागचा हँगर नीट बघा, म्हणजे डिरेलर, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या कानावर बसतो तो. डोळ्यांना सरळ दिसतो, पण दोन-तीन मिलिमीटर जरी आत वाकला असला तरी चढावर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकताच डिरेलर चाकाच्या तारांत घुसतो, आणि पोरगा पुन्हा पडतो. तो सरळ करायचं हत्यार माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी सहाला दोघांनाही फुटाळा तलावावर पाठवा.